भिंग पुसण्याआधी

मुलांनो, तुम्ही उर्दूत जिला 'दूरबीन' म्हणता, तिलाच आम्ही मराठीत 'दुर्बीण' म्हणतो. शब्द मूळचा फारसी. मराठीने तो घेतला आणि आपल्या उच्चाराप्रमाणे थोडा वळवला. माझ्याकडे अशी एक जुनी दुर्बीण आहे. ती माझ्या मामांची. मामा जहाजावर नोकरीला होते. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर ही दुर्बीणही आली. मामा गेल्यावर मामींनी ती माझ्या हातात दिली.

तिच्यावर '७ × ५०' असे कोरलेले आहे. ७ म्हणजे वस्तू सातपट जवळ आल्यासारखी दिसते. ५० म्हणजे पुढचे मोठे भिंग ५० मिलिमीटर रुंद आहे. भिंग जितके रुंद, तितका प्रकाश जास्त आत येतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी अंधुक उजेडातही या दुर्बिणीतून चांगले दिसते. आता तिचे सुटे भाग मिळत नाहीत. हिवाळ्यात मी शाळेतल्या मुलांना पक्षी पाहायला नेतो. मुले वीस-पंचवीस आणि दुर्बीण एकच!

एकदा आम्ही भिगवणला गेलो होतो. तिथे भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून राजहंस येतात. वाटेवर धूळ फार उडत होती. दुर्बीण एका मुलीच्या हातात आली. तिने भिंगाकडे पाहिले आणि ओढणीचे टोक उचलले.

"थांब!" मी जोरात म्हणालो.

ती दचकली. "सर, धूळच तर पुसते आहे."

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. घरात आपण टेबल असेच पुसतो, चष्माही असाच पुसतो. पण धूळ म्हणजे काय, ते जरा पाहा. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला 'खुर्दबीन' म्हणतात ना? तिच्याखाली चिमूटभर धूळ ठेवली, तर तीत वाळूचे बारीक, टोकदार कण दिसतील. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो. सुतार लाकूड घासायला खरखरीत कागद वापरतो, तो तुम्ही पाहिला असेल. धुळीच्या भिंगावर कोरडे कापड फिरवले, की त्या कापडाचा तसाच खरखरीत कागद होतो.

शिवाय भिंग म्हणजे नुसती काच नव्हे. दुर्बीण तिरकी धरून पाहा. भिंगावर निळसर किंवा जांभळट झाक दिसेल. तो एक पातळ लेप असतो. साध्या काचेवर प्रकाश पडला, की त्यातले शंभरातले सुमारे चार भाग परत फिरतात. दुर्बिणीत काचेचे असे दहा किंवा त्याहून जास्त पृष्ठभाग असतात. दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. ही गळती थांबवणारा लेप १९३५ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने शोधून काढला. आज पुष्कळ भिंगांवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप असतो. त्याची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातला सुमारे एक भाग! ओरखडा पडला तर तो घरी भरून काढता येत नाही.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ समुद्रकिनाऱ्यावर पक्षी पाहायचे आणि रोज खिशातल्या रुमालाने भिंगे पुसायचे. काही वर्षांनी त्यांच्या दुर्बिणीतून सकाळच्या उजेडात पाहिले, की सगळे दुधाळ दिसू लागले. त्यांना वाटले, डोळे बिघडले. डोळे ठीक होते!

मग धूळ काढायची कशी? आधी भिंग जमिनीकडे करा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. मग रबरी फुग्याने हवा मारा. कॅमेऱ्याच्या दुकानात असा फुगा मिळतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. हवेने न गेलेले कण अगदी मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ब्रशच्या केसांना बोट लावू नका, नाहीतर बोटाचे तेल भिंगावर जाते. बाहेर असताना मी बहुतेक वेळा इथेच थांबतो. थोडी धूळ राहिली तरी पक्षी दिसतो. घाईने पुसण्यापेक्षा ती धूळ बरी.

बोटांचे ठसे मात्र हवेने जात नाहीत. सर्वांत मळतात ती डोळ्यांना लावायची लहान भिंगे. पापण्यांचे तेल आणि घाम त्यांना लागतो. धूळ पुरती गेल्यावर भिंगावर हलकेच 'हा' करून श्वास सोडा. भिंगावर वाफ धरेल. मग मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने मधून कडेकडे गोल गोल, अगदी हलक्या हाताने पुसा. डाग चिवट असेल तर भिंगे साफ करण्याचे द्रव वापरा. त्याचा एक थेंब कापडावर टाका, भिंगावर नको, कारण कडेच्या फटीतून द्रव आत शिरते. खिडक्यांच्या काचा पुसण्याचे द्रव यासाठी नसते. ते लेपाला मारक ठरू शकते. कापड जमिनीवर पडले, तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका. तिपाईवर लावायच्या एका डोळ्याच्या मोठ्या दुर्बिणीलाही हीच रीत लागू आहे.

समुद्रावरची गोष्ट वेगळी. खाऱ्या पाण्याचे तुषार भिंगावर वाळतात आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. मामा म्हणायचे, "आधी गोडे पाणी, मग कापड." मीठ पाण्यात विरघळते, एवढेच त्यामागचे शास्त्र! दुर्बीण जलरोधक असेल, तर गोड्या पाण्याने हलकेच धुता येते. मामांची दुर्बीण तशी नाही. म्हणून ते कापडाचे टोक गोड्या पाण्यात भिजवून, पिळून भिंगावर नुसते टेकवायचे आणि उचलायचे. दर वेळी नवे टोक. घासायचे नाहीत.

थंडगार बसमधून बाहेर उतरल्यावर भिंगावर वाफ धरते. ती पुसायची गरज नाही. दुर्बीण थोडा वेळ पिशवीतच राहू द्या. वाफ आपोआप जाते.

आणखी एक सांगतो. दुर्बीण घेताना आधी पट्टा गळ्यात घाला, मग ती हातात घ्या. डॉ. सलीम अली यांची छायाचित्रे पाहा. गळ्यात दुर्बीण दिसेल! आणि तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो.

कोकणात दुर्बिणीचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे दिसतात. ती काचेलाही खाते. चामड्याच्या पेटीत ओल टिकते, म्हणून मामांनी ती पेटी कधीच बाजूला काढली. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली. पुड्यांनी ओल पिऊन टाकली, की त्या बदलायच्या. मीही तेच करतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती बाहेर काढतो आणि पांढऱ्या कागदासमोर धरून आतली भिंगे तपासतो.

गेल्या पावसाळ्यात उजव्या बाजूला, आतल्या भिंगाच्या कडेला, एक बारीक धागा दिसला. बाहेरून पुसून तो जाणार नाही. स्वतः उघडायची तर आतले लोलक हलतात आणि मग एकाऐवजी दोन पक्षी दिसतात. मी ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे नेली. ते म्हणाले, "उघडू, पण इतकी जुनी आहे, स्क्रू तुटला तर नवा मिळायचा नाही." मी तारीख विचारली आणि दुर्बीण परत घेऊन आलो. मुलांची भिगवणची फेरी जानेवारीत आहे. ती झाली, की फेब्रुवारीत दुर्बीण त्यांच्याकडे द्यायची असे ठरले आहे. तोवर दर रविवारी मी तो धागा पाहतो. अजून तो वाढलेला नाही.