ओरत्तनाडुचं पाणी आणि आबांचं पोट

तंजावरच्या पोस्टिंगबद्दल लिही, असं बरेच जण म्हणतात. बृहदीश्वराबद्दल, सरस्वती महालाबद्दल. त्यावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला तंजावर म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते तिथून पंचवीसेक किलोमीटरवरचं ओरत्तनाडु, आणि तिथल्या भाड्याच्या घरातली मोरीची पिवळी बादली.

2014 साल. तंजावरचा एअरफोर्सचा तळ नवीन होता, वर्षभरापूर्वीच पूर्ण स्टेशन म्हणून सुरू झालेला. क्वार्टर्सची मारामार होती. मद्रास रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब एका सहकाऱ्याच्या ओळखीचे निघाले. त्यांचं ओरत्तनाडुला घर होतं, वरचा मजला रिकामा. मागे नारळाची बाग. लांब पडत होतं, पण बाईक होती आणि रस्ता सरळ. सामान हलवलं.

पोंगल उलटल्यावर आबा आले. आबा म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीचे जुने नाईक. 71ला पूर्व आघाडीवर होते. सातारा सोडून एवढ्या खाली ते पहिल्यांदाच आले होते, आणि आले ते एकाच कारणानं: "आपल्या लोकांनी एवढ्या लांब राज्य केलं म्हंतात, बघून तरी येऊ." मोठ्या देवळातला 1803चा तो भला थोरला मराठी शिलालेख त्यांनी बोट फिरवत, जमेल तेवढा वाचला. ओरत्तनाडुतलं मुक्तांबाळ छत्रमही दाखवलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावानं बांधलेली ही धर्मशाळा. रामेश्वरला जाणारे यात्रेकरू इथे उतरायचे, फुकट जेवायचे. सरफोजींनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं. छत्रात कोणी आजारी पडला तर त्याला औषध आणि पथ्याचं जेवण मिळतं, तो बरा होईपर्यंत त्याची सेवा होते, असं त्यात सांगितलं आहे. आबा म्हणाले, "म्हंजे एमआय रूमच की!"

हे सगळं झालं आणि मग दाढ दुखायला लागली.

दंतवैद्यानं दाढ काढली, पू होता म्हणून पाच दिवसांच्या क्लिंडामायसिनच्या गोळ्या दिल्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती; अशा वेळी हे औषध देतात. पाच दिवसांनी सूज थोडी राहिली होती. आता पुढचं मी लिहितो, कारण लिहायला हवं. मी रिकामी स्ट्रिप घेऊन औषधाच्या दुकानात गेलो आणि आणखी पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. स्ट्रिपवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा छापलेला होता. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपण फौजी लोक तसे अर्धे डॉक्टर असतोच. प्रत्येकाच्या ट्रंकेत एक डबा असतो, आणि त्या डब्यात कुठल्या ना कुठल्या पोस्टिंगवरून उरलेल्या गोळ्या.

आठव्या दिवशी आबांना जुलाब सुरू झाले. मी म्हटलं, पाणी बदललं. सौभाग्यवती म्हणाली, सांबारातली चिंच. पहिल्या दिवशी सहा वेळा, दुसऱ्या दिवशी मोजणं सोडून दिलं. पोटात कळ, थोडा ताप, आणि एक विशिष्ट घाण वास जो नंतर नर्सनंही ओळखला. आबा लाजायचे. रात्री आम्हाला उठवायला नको म्हणून भिंत धरून मोरीत जायचे. ट्रंकेतल्या डब्यातून मी लोपेरामाइड काढली. दोन गोळ्या, मग आणखी एक. जुलाब कमी झाले आणि मी स्वतःवर खूश झालो. संध्याकाळी आबांचं पोट ढोलासारखं फुगलं होतं आणि ते भलतंच बोलत होते. मला "हवालदारसाहेब" म्हणत होते.

सुभेदारसाहेब वर आले, बघितलं आणि एकही शब्द न बोलता खाली जाऊन शेजाऱ्याला घेऊन आले. शेजारी गुरांचे डॉक्टर. ओरत्तनाडुला 2012 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे ते शिकवायचे. मला राग आला, खोटं कशाला सांगू. बाप मरायला टेकलाय आणि हे गुरांचा डॉक्टर आणतात!

त्यांनी आबांना हात लावला नाही. मोडक्या हिंदीत फक्त विचारलं, "गेल्या महिन्यात कुठली अँटिबायोटिक?" मी सांगितलं. ती दुसरी पट्टीही सांगितली. ते म्हणाले, गाईचं पोट बिघडलं की आम्ही आधी विचारतो चारा काय बदलला आणि इंजेक्शन कुठलं दिलं. याला जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, आत्ता तंजावरला न्या. सुभेदारसाहेबांनी गाडी काढली.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. आपल्या आतड्यात जंतूंची एक मोठी वस्ती असते, बरीचशी आपल्या कामाची. अँटिबायोटिक दाढेतल्या जंतूंबरोबर तीही मारते. वस्ती ओस पडली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जंतू हातपाय पसरतो आणि विष सोडतो. त्या विषानं मोठ्या आतड्याला सूज येते, अस्तरावर पिवळट पांढरे चट्टे चढतात. 1935 मध्ये तो तान्ह्या बाळांच्या शौचात सापडला, प्रयोगशाळेत वाढवायला अवघड म्हणून नावातच 'डिफिसिल'. तेव्हा कोणी त्याला फारसं मोजलं नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत क्लिंडामायसिन घेणाऱ्यांना असाच आजार होऊ लागला, आणि त्या दशकाच्या शेवटी खरा गुन्हेगार हाच हे उघड झालं. क्लिंडामायसिनच नव्हे, कुठल्याही अँटिबायोटिकनं हे होऊ शकतं, आणि गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा. पासष्टीच्या पुढच्या माणसांना धोका जास्त. आबा सदुसष्ट.

आणि लोपेरामाइड? विष बाहेर टाकायला शरीर धडपडत होतं, तेव्हा मी दार बाहेरून कडी लावून बंद केलं होतं. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आतडं फाटलं तर ऑपरेशन, असं सांगून त्यांनी माझी सही घेतली. दोन रात्री मी वॉर्डाबाहेर बाकावर होतो. सुभेदारसाहेब दोन्ही रात्री बरोबर. आमचं बोलणं फारसं नव्हतंच. मध्येच ते फ्लास्कमधून कापी ओतायचे आणि म्हणायचे, "पी लो साब." पदानं ते माझ्यापेक्षा मोठे, तरी साब.

औषध मजेशीर होतं. व्हॅन्कोमायसिनची इंजेक्शनची कुपी, पण टोचायची नाही. पाण्यात विरघळवून दिवसातून चार वेळा प्यायला द्यायची. शिरेतून दिलं तर ते आतड्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि तोंडानं दिलं तर रक्तात जवळजवळ जात नाही, आतड्यातच राहतं. इथे तेच हवं. रात्रपाळीची नवी नर्स पहिल्यांदा सिरिंज भरूनच आली होती, मोठ्या नर्सनं परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आबांनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ड्युटी नाय का तुला?"

घरी आल्यावर वेगळंच युद्ध. या जंतूची बीजं दारूवाल्या हँड सॅनिटायझरनं मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणी लागतं. मोरी ब्लीचनं धुवायची. मी रोज ड्युटीवर जाण्यापूर्वी ती पिवळी बादली घेऊन उकिडवा बसायचो. आबा दारातून बघायचे. एकदा म्हणाले, "माझ्या पोराला फटीगवर टाकलं की रं."

दोन आठवड्यांनी जुलाब परत. हे पाचातल्या एकाला होतं, हे आधी सांगितलेलं होतं, तरी पोटात खड्डा पडला. पुन्हा कुप्या. त्या दिवसांत पशुवैद्य डॉक्टर संध्याकाळी येऊन बसायचे. त्यांनी सांगितलं की गाईचं पहिलं पोट बंद पडलं तर निरोगी गाईच्या त्याच पोटातलं पाणी काढून तिला पाजतात, की नव्या जंतूंनी वस्ती पुन्हा बसते. जुना इलाज आहे. आणि 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये माणसांवर तसंच केलं. आबांसारखाच आजार पुनःपुन्हा होणाऱ्या सोळा जणांच्या आतड्यात निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून नळीनं सोडली. तेरा जण एकाच वेळेत बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर तेरातले चारच. मी भाषांतर करून सांगितलं. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे शेण पाजायचं?"

तशी वेळ आली नाही. दुसऱ्या खेपेला ते बरे झाले. अकरा किलो वजन गेलं होतं. गावी जाण्यापूर्वी त्यांनी पुन्हा छत्रम बघायचं म्हटलं. बाहेर गाडीतच बसले, उतरायची ताकद नव्हती. खिडकीतून नमस्कार केला.

माझी बदली पुढच्या वर्षी झाली. घर सोडताना मी औषधांचा तो डबा कचऱ्यात रिकामा केला. आबांना मी दुसऱ्या पट्टीबद्दल बरेच दिवस सांगितलं नव्हतं. गावी, गोठ्यात धार काढत होते तेव्हा सांगितलं. हात थांबला नाही. "माहितीय. त्या डॉक्टरला सांगताना ऐकलं व्हतं मी," म्हणाले.

सुभेदारसाहेबांचा आणि त्यांचा फोन मात्र चालूच आहे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला तमिळ. फौजी हिंदीवर दोघांचं भागतं. नोव्हेंबर 2018 मध्ये गजा चक्रीवादळानं त्या पट्ट्यातले नारळ आडवे केले, तेव्हा आबांनी बातम्या बघून लगेच फोन लावला. बाग किती गेली, विचारत होते. पलीकडून उत्तर आलं, स्पीकरवर होतं म्हणून मलाही ऐकू आलं, "पेड सब गया, साब. आपका पेट कैसा है?"