चिठ्ठी दवाखान्यापर्यंत कोण नेणार?

मी श्रीरामपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमचा भाग पाटपाण्याचा आणि उसाचा. दिवाळी झाली की शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि वर्गात त्यांची नवी पोरं येऊन बसतात. वही नाही, पुस्तक नाही. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर ठीक, नसेल तर वय विचारून वर्गात घ्यायचं. त्यांतली थोरली पोर बहुतेक दिवस येतच नाही, कारण आई-बाप फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळायला कोपीवर कुणीतरी लागतं. जी येतात त्यांची आम्हाला ओळख होते न होते तोच कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि टोळी उठते.

एम. ए.च्या प्रबंधाला विषय निवडायचा होता तेव्हा मी या मुलांचं दुसरं टोक धरलं, म्हणजे पाथर्डी. जिल्हा एकच, पण उत्तरेला कारखाने आणि दक्षिणेला कोयता. पाहायचं होतं ते असं : सरकारी शाळा शिकवण्याच्या पलीकडे जाऊन मुलाचं जेवण, आजारपण, घरची अडचण यांचीही सोय लावू शकते का? तशी ती गावाची शाळा होऊ शकते का?

मार्गदर्शक मॅडमनी आधी अमेरिकेचं वाचायला लावलं. शाळा हे वस्तीचं सामाजिक केंद्र असावं, असं जॉन ड्यूई यांनी १९०२ मध्येच एका भाषणात मांडलं होतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात, स्थलांतरितांच्या वस्तीत, ‘चिल्ड्रन्स एड’ या संस्थेने सरकारी शाळेच्या इमारतीतच डॉक्टर, दंतवैद्य, शाळेनंतरचे वर्ग आणि पालकांसाठी संध्याकाळचे वर्ग आणले. वाचून मी भारावले वगैरे नाही. आपल्या जिल्ह्यात यातलं बरंच काही आपापल्या परीने होऊन गेलंय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आरोग्याचं शिक्षण देऊन गावाचा दवाखाना गावातच उभा केला. राळेगणसिद्धीच्या शाळेने नापासांना आणि उनाड ठरलेल्यांना मुद्दाम दार उघडलं, शेजारी वसतिगृह काढलं. नगर शहरात ‘स्नेहालय’ची बालभवनं झोपडपट्टीतल्या मुलांना शाळा सुटल्यावर सांभाळतात, अभ्यास घेतात. पण ही सगळी माणसं असामान्य. मला पाहायचं होतं की जिथे कोणी आरोळे नाहीत, त्या साध्या दोनशिक्षकी शाळेत काय होतं.

भगवानगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक गाव मिळालं. नाव लिहीत नाही, तिथल्या शाळेच्या गुरुजींना उगाच त्रास नको. गावातली निम्म्याहून जास्त घरं तोडीला जातात. दसऱ्याआधीच मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि कुलपं.

अशा गावांत सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी मूल रात्री आजीकडेच झोपतं. शाळेत त्याला सकाळचं आणि संध्याकाळचं खायला मिळतं, दुपारचा पोषण आहार असतोच. हे सगळं चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीने. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. आता गंमत बघा : हंगामात हेच पालक उसाच्या फडात असतात. समितीच्या सह्या लागतात तेव्हा समिती दोनशे किलोमीटरवर कोयता चालवत असते! गुरुजींनी यावर शोधलेला उपाय कुठल्याच परिपत्रकात नाही. बैठकीला आज्या बोलवायच्या. सही होते समितीची, निर्णय होतो आज्यांचा.

तशा एका बैठकीला मी कोपऱ्यात बसले होते. गुरुजी समजावून सांगत होते की मुलं ठेवा, तीन वेळचं जेवण शाळेत. बायका मान हलवत होत्या. त्यांतली एक, कपाळावर मोठं गोंदण असलेली, मध्येच म्हणाली, “जेवणाचं काय न्हाई हो गुरुजी, मी पन दोन भाकरी टाकीन. रातच्याला पोराला ताप भरला तर? माझा गुडघा उठू देत न्हाई, मी कुनाच्या दाराला जाऊ?” कोणी काही बोललं नाही. मुलाला सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हे त्या घरात ताप या एका शब्दावर ठरत होतं. शिक्षणाचं महत्त्व पटवणारी आमची सगळी पोस्टरं भिंतीवर तशीच लटकत होती.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. मंजुरी आणि अनुदान उशिरा येतं, तोवर किराणा उधारीवर चालतो आणि दुकानदारासमोर मान खाली गुरुजींची. ज्याने नोकरी केलीय त्याला हे नवं नाही.

माझं लक्ष अडकलं ते दुसऱ्याच कागदावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. फिरतं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. पथक आलं, नीट तपासून गेलं. डॉक्टरांनी मुलांच्या डोळ्यांखालचं कातडं ओढून पाहिलं, कान पाहिले, वजन घेतलं, आणि काहींच्या हातात चिठ्ठी दिली : पुढील उपचारासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. दुसरीतल्या एका मुलाचा कान फुटलेला होता. शेजारी बसलं की वास येई, म्हणून त्याच्या बाकावर कोणी बसत नसे. तो मंद आहे असा वर्गाचा समज होता. त्याला फक्त ऐकू येत नव्हतं.

चिठ्ठी गुरुजींच्या फायलीत गेली. आई-बाप फडात, आजी गुडघ्याने अधू. गुरुजी गेले तर एका शिक्षकावर सगळे वर्ग. आशाताईंकडे आधीच तीन वाड्या. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत होता आणि मूल आहे तिथेच होतं.

शेवटी त्याला नेलं खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. बाजाराच्या दिवशी त्यांना तालुक्याला जायचंच होतं. जीपमध्ये त्याला मांडीवर घेतलं, केसपेपर काढला, कान साफ करून थेंब आणले. पुढचे कितीतरी दिवस दुपारची भांडी घासायच्या आधी मावशी त्याला चुलीजवळ आडवा पाडून कानात थेंब घालत आणि वर दम भरत, “हालशील तर बघ.” मग माझ्या ध्यानात आलं की कोणाची आजी आजारी आहे, कोणाच्या बापाचा फोन लागत नाही, कोणती पोर रात्री एकटी झोपते, हे गावात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. गुरुजी मुक्कामाला तालुक्याच्या गावी. मावशींचं घर मात्र शाळेला लागून. रात्री ताप भरला तर आज्या त्यांच्याच दाराला जाऊ लागल्या. त्यांना मानधन मिळतं ते जेवण शिजवण्याचं, महिन्याला अडीच हजार, आणि तेही वर्षातल्या दहा महिन्यांचं. बाकी सगळं फुकट.

न्यूयॉर्कच्या त्या शाळांत नेमकं याच कामाला पगारी माणूस असतो. त्याने शिकवायचं नाही, औषध द्यायचं नाही. डॉक्टर, शिक्षक, घर यांचे धागे त्याने बांधायचे. आपल्याकडे तांदूळ एका खात्याचा, गोळ्या दुसऱ्याच्या, अंगणवाडी तिसऱ्याची. सोयी कमी आहेत असं माझं म्हणणं नाही. २०२१ मध्ये तर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली. पण दुसरीतलं पोर काही वसतिगृहात जात नाही, ते आजीच्या कुशीतच राहतं. त्याच्यासाठी गावात माणूस लागतो, आणि तो गावातलाच लागतो.

प्रबंधात मी तेच लिहिलं : स्थलांतर होणाऱ्या गावातल्या प्रत्येक शाळेत हंगामापुरती तरी गावातली एक बाई मानधनावर नेमावी, शक्यतो आधीच शाळेत राबणारी. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, “हिची शैक्षणिक पात्रता काय ठेवायची?” मी म्हटलं, घर शाळेजवळ असावं. ते हसले, पण मी गंभीरपणे बोलत होते.

तुमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असेल तर दिवाळीआधीच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. पालक नसलात तरी जा. पट किती, रंगकाम कधी, हे विचारणारे पुष्कळ असतात. तुम्ही एवढंच विचारा की गेल्या तपासणीत दवाखान्याच्या किती चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांतली किती मुलं दवाखान्यात पोचली. उत्तर लगेच मिळणार नाही, फाइल काढावी लागेल. ती काढेपर्यंत बसून राहा.