दोन बँडांच्या मधली वेळ

आज मुंबईत रंगभवन हे नाव घेतलं, तर बहुतेकांना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते. कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स कॉलेज यांच्यामधल्या त्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आलं आणि त्या जागेचं नाव कायमचं त्या रात्रीशी जोडलं गेलं. ते तसंच असायला हवं. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॉलेजात असलेल्या आम्हा मुंबईकरांच्या मनात त्या नावाखाली आणखी एक थर आहे. धोबी तलावाचं हे उघडं नाट्यगृह सरकारी मालकीचं होतं, आणि तिथं आम्ही रॉक ऐकलं.

त्या जागेची पुण्याई आमच्या आधीपासूनची. १९७८ साली पहिल्या जॅझ यात्रेत सॉनी रॉलिन्स तिथं सॅक्सोफोन वाजवून गेले. १९८० च्या मार्चमध्ये 'द पोलीस' हा इंग्लिश बँड तिथं आला, तो कुठल्या बड्या कंपनीने आणला नव्हता. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने मदतनिधीसाठी ठेवलेला तो कार्यक्रम होता. आमच्यातले बरेचजण तेव्हा शाळेत होते. आमच्या वाट्याला आलं ते इंडिपेन्डन्स रॉक हे रॉक संमेलन, म्हणजे आमच्या तोंडचं आय-रॉक. ते १९८६ साली सुरू झालं आणि मग दर पंधरा ऑगस्टच्या सुमारास रंगभवनाबाहेर काळ्या टी-शर्टांची रांग लागू लागली. टी-शर्ट जवळच्याच फॅशन स्ट्रीटवरचे. त्यावरच्या बँडचं एखादं तरी गाणं पाठ असल्याशिवाय तो घालायचा नाही, असा आमच्यात अलिखित नियम होता.

आताची रांग फोनवर लागते. २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्लेची तिकिटं निघाली तेव्हा घराघरात रविवारी दुपारी माणसं आपापल्या पडद्यापाशी बसली होती आणि पडद्यावर त्यांच्यापुढे काही लाख लोक असल्याचा आकडा दिसत होता. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा, गाण्याच्या तालावर सगळ्यांचे पट्टे एकदम रंग बदलणार, आणि शेवटच्या ओळीतल्या माणसालाही गायकाच्या भुवया दिसतील एवढे मोठे पडदे. आवाज असा स्वच्छ, की ऑगस्टच्या पावसात आम्ही जे ऐकलं त्याला ऐकणं म्हणावं का, असा प्रश्न पडावा.

कारण आम्ही जे ऐकलं ते खरोखर वाईट होतं. गायकाचा आवाज गिटारखाली गाडला जायचा, बेस तर कानांपेक्षा पोटात अधिक जाणवायचा. मधेच स्पीकर किंचाळायचे. पाऊस आला की अँप्लिफायरवर प्लॅस्टिकचे कागद पसरायचे आणि माइकला ओठ लागून झटका बसू नये म्हणून गायक जरा लांबूनच गायचा. वाद्यंही बेताची. परदेशी गिटार घरात असणारा मुलगा आम्हाला वेगळ्या जगातला वाटे. बाकीच्यांच्या हातात कोलकात्याची गिव्हसन, आणि तार तुटली की फुर्टाडोजच्या दुकानात जाऊन एकच तार मागायची.

आणि बहुतेक बँड गाणी वाजवायचे ती दुसऱ्यांची. डीप पर्पल, आयर्न मेडन, लेड झेपेलिन. वाजवणारा मूळ रेकॉर्डच्या जितका जवळ जाईल तितक्या टाळ्या. एखाद्याने स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून हुर्यो उठायची. रॉक मशीनने हट्टाने स्वतःची गाणी वाजवली, १९८८ साली स्वतःचा अल्बम काढला, पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्या हट्टाची किंमत आम्हाला नंतर कळली. तेव्हा आम्हीच ओरडत होतो, ओळखीचं काहीतरी वाजवा म्हणून. तरीही त्या बँडच्या गिटारवादकाचं नाव महेश तिनईकर आहे, या गोष्टीने गिरगाव-दादरच्या मुलांच्या मनात जे झालं ते इतर कुठल्या भाषणाने झालं नसतं. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर शोभेल असं आडनाव, आणि त्याचा धनी स्टेजवर लीड वाजवतोय.

आजची मुलं या बाबतीत आमच्या फार पुढे गेली आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. आता दुसऱ्याचं गाणं हुबेहूब वाजवून कुणी मोठं होत नाही. दिल्लीच्या ब्लडीवूडने भांगड्याचा ढोल मेटलमध्ये घातला आणि २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवापर्यंत मजल मारली. मुंबईच्या भयानक मौत या बँडने तर नावापासूनच कुणाची परवानगी मागितली नाही. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं आणि मराठी शब्दांवर अशी तरुण मुलं नाचू लागली, ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. रंगभवनाच्या स्टेजवर मराठीत गाण्याचा विचारही आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. घरी मराठी, स्टेजवर इंग्रजी, ही फाळणी आम्ही न बोलता मान्य करून टाकली होती.

मग हळहळ कशाची वाटते? मला वाटतं, ती दोन बँडांच्या मधल्या वेळेची आहे.

एक बँड उतरायचा आणि दुसरा चढायचा, यात अर्धा-अर्धा तास सहज जाई. ड्रमचे भाग एकेक करून खाली, दुसरे वर. कुणीतरी वायर गुंडाळतोय, कुणी माइकवर वन-टू म्हणतोय, कुणी गिटारच्या खुंट्या पिळत स्टेजच्या कडेला उकिडवा बसलाय. स्टेज फार लांब नव्हतं, त्यामुळे हे सगळं आम्ही बघत असू. मधल्या वेळात संगीत लावलेलं नसे, पडद्यावर जाहिराती नसत, कारण पडदाच नसे. मग माणसं एकमेकांशी बोलत. अमुक सोलो चुकला की मुद्दाम तसा वाजवला, यावर अनोळखी मुलं तावातावाने भांडत. कुणाच्या काकांनी आखातातून आणलेली नवी कॅसेट कुणाकडे आहे, ती भरून कोण देईल, याचे पत्ते तिथं लिहून घेतले जात. वांद्र्याचा कॅथलिक मुलगा, ग्रँट रोडचा पारशी, मुलुंडचा आमच्यातला एखादा जोशी-सावंत, असे एरवी या शहरात कधीच एका ओळीत न बसणारे लोक त्या अर्ध्या तासात एकमेकांचे गुरू होत. एकाने शब्द सांगायचे, दुसऱ्याने वहीत उतरवायचे. वहीतले निम्मे शब्द चुकीचे असत आणि पुढच्या वर्षी तेच चुकीचे शब्द आम्ही एकमुखाने गात असू. वरच्या वर्गातली मुलं १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये अचानक वाजवून गेल्याची गोष्ट सांगत. सांगणाऱ्यांपैकी तिथं हजर कुणीच नव्हतं, गोष्ट मात्र खरी होती.

त्या वेळेतच कळायचं, की शेजारी उभा असलेला मुलगाही एका बँडमध्ये आहे. पवईच्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवात त्यांचा बँड उतरणार आहे, ड्रमर मिळत नाहीये. आणि पुढच्या एखाद्या वर्षी तो खरंच वर दिसायचा. ऐकणारे आणि वाजवणारे यांच्यात फार तर एका वर्षाचं अंतर होतं.

आताच्या महोत्सवांत ही वेळ उरलेली नाही. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापालूझा भरतो. तिथं एका स्टेजवर गाणं चालू असताना दुसरं सज्ज होत असतं. एक संपलं की गर्दी दुसरीकडे वळते. एका दिवसात आम्ही काही वर्षांत ऐकलं नसेल एवढं संगीत ऐकायला मिळतं, तेही ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांच्याच तोंडून. आयोजनाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं, सुरक्षारक्षक, पिण्याचं पाणी. आमच्या गर्दीत मुली मोजक्याच असत आणि ज्या येत त्यांना जे धक्के सोसावे लागत, त्याबद्दल त्या अजूनही हसत बोलत नाहीत. माझी भाची मैत्रिणींबरोबर गर्दीच्या मध्यभागी उभी राहून नाचते, हे बघितल्यावर जुन्या दिवसांबद्दल बोलताना माझी जीभ जरा अडखळते.

रंगभवन बंद पडलं त्याचं कारणही आमच्या हळहळीच्या आड येतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या भोवतालचे किमान शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास हे तिन्ही होतं: कामा, झेवियर्स आणि किल्ला कोर्ट. नियम लागू झाल्यावर त्या स्टेजवर ड्रम वाजणं शक्यच नव्हतं. आय-रॉक पुढे अंधेरीला गेलं. आम्ही तेव्हा खूप चिडलो होतो. पण कामा हे बायकामुलांचं रुग्णालय आहे. आमचा सर्वांत आवडता सोलो चालू असताना समोरच्या इमारतीत कुणी बाळंतीण कूस बदलत पडलेली असणार, कुणा तान्ह्याला झोप लागत नसणार. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही. तो कार्यक्रम त्या जागी पुन्हा तसाच व्हावा, असं आज मी म्हणू शकत नाही.

तसंच कानांचं. कार्यक्रम संपल्यावर मरीन लाइन्स स्टेशनपर्यंत चालत जायचं, सगळे मोठमोठ्याने बोलायचे कारण कुणालाच नीट ऐकू येत नसे, कानांत बारीक शिट्टी घुमत राही. ती शिट्टी दुसऱ्या दिवशी लेक्चरलाही सोबत असली की अभिमान वाटे. आता वाजवणारी मुलं कानांत बोळे घालतात आणि ते योग्य आहे. आमच्यातल्या काहींची शिट्टी नंतर थांबलीच नाही.

मोठ्या कार्यक्रमांची मला अडचण नाही. १९९६ साली अंधेरीत मायकल जॅक्सन आला, २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स आले, २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात रॉजर वॉटर्स आले. त्या रात्री आम्हीही थरारलो. असे लोक यावेत, आणखी यावेत. पण त्यांच्यामुळे एखाद्या मुलाला आपणही उद्या वर जाऊ असं वाटत नाही. तसं वाटायला लहान स्टेज लागतं. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसरस तसं होतं, लोअर परळचं ब्लू फ्रॉग तसं होतं, दोन्ही गेली. आज जी आहेत ती बहुतेक पब आहेत आणि महाराष्ट्रात बीअरसाठीसुद्धा वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी दारातच ओळखपत्र बघतात आणि अकरावीतल्या मुलाला परत पाठवतात, मग तो कितीही चांगली गिटार वाजवत असो. रंगभवनाच्या दारात वय कुणी विचारलं नाही. सरकारी जागा, बेताचं तिकीट, स्टेशन पायी अंतरावर, आणि आत दारू विकायला नाही. सतराव्या वर्षी आम्ही त्या दारातून आत गेलो म्हणून पुढचं सगळं झालं.

भाची आता सोळा वर्षांची आहे. तिच्या बँडमध्ये चौघी आहेत, गाणी मराठीत आहेत आणि ड्रम वाजवणारी आमच्या काळच्या कित्येकांपेक्षा सरस आहे. सोसायटीच्या बंद पडलेल्या व्यायामशाळेत त्या सराव करतात. मला त्यांच्यासाठी या शहरात, स्टेशनपासून चालत जाता येईल असं, छप्पर असलेलं, भिंतींतून आवाज बाहेर जाणार नाही असं एक सरकारी सभागृह हवं आहे. तिथं दर शनिवारी चार नवे बँड वाजवतील. आणि त्यांच्या मधे अर्धा-अर्धा तास काहीही लावू नये.