आतलं कर्ज

आते माझी आत्या नव्हे. ती फिलिपिन्सची. तिच्या टागालोग भाषेत थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. थायलंडमधल्या शाळेतल्या आम्हा सगळ्या परदेशी शिक्षकांची ती थोरली बहीण होती, म्हणून मीही म्हणू लागले. फोनवर मी "आतेकडे राहतेय" म्हटलं की आईचा गोंधळ व्हायचा. "अगं, तुझ्या दोन्ही आत्या इस्लामपुरात. ही कुठली?" शेवटी मी सांगितलं, तिसरी समज.

तिच्याकडून घेतलेले बारा हजार बाट मी फेडले. जे फिटलं नाही ते इथे लिहून ठेवते आहे.

गोष्ट २०१५ ची. शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., आणि त्यापुढे पाच वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात शून्य, आणि बिल निघायचं ते कधी कधी पुढच्या वर्षी. कायम जागा निघाली तेव्हा संस्थेकडून निरोप आला, किती जमतील? बाबा शेताचा तुकडा काढायला तयार झाले. मी म्हटलं, शेत विकून मास्तरीण होण्यापेक्षा त्याच्या दहाव्या हिश्श्यात मी परदेशात शिकवायला जाते. तेव्हा हे बोलणं मला फार बाणेदार वाटलं होतं.

सेल्टा हा परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा केंब्रिजचा कोर्स. चार आठवडे, १२० तास, आणि त्यात किमान सहा तास खऱ्या वर्गापुढे उभं राहून शिकवायचं. मागच्या रांगेत ट्यूटर आणि सोबतचे उमेदवार वह्या उघडून बसलेले. त्याला 'टीपी' म्हणायचं. मी तो बँकॉकमध्ये केला. माझी पाच वर्षांची खोड तिथे पहिल्याच आठवड्यात उघडी पडली. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात चाळीस मिनिटं मीच बोलत होते. ट्यूटरने घड्याळ लावून मोजलं होतं. "समजलं का?" हा माझा लाडका प्रश्नही गेला. त्याला सगळी मुलं 'हो' म्हणतात. विचारायचं असं, की मुलाच्या उत्तरातूनच कळावं, समजलं की नाही.

तिसऱ्या आठवड्यात ट्यूटरने टेबलावर एक चमचा, एक टॉर्च आणि एक लिंबू ठेवलं. आधी सगळ्या वर्गाकडून वाक्य म्हणवून घेतलं, मग एकेका रांगेकडून, मग एकेकट्याकडून. वस्तूंना 'रिअ‍ॅलिया' म्हणतात, घोकून घेण्याला 'ड्रिल', असं आम्ही लिहून घेतलं. लिहिताना माझा हात थांबला. आमच्या झेडपीच्या शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा बाई घरून पिशवी भरून आणायच्या. तांब्या, खुरपं, कंदील, लिंबू. "इज धिस अ लँटर्न?" "नो, इट इजंट!" सगळा वर्ग, मग बाक, मग एकटा. बाईंकडे या पद्धतीचं इंग्रजी नाव नव्हतं. लाखभर रुपये भरून मी ते नाव विकत घेत होते.

जूनच्या अखेरीस 'पास' असं लिहिलेला कागद हातात आला. तो दाखवला की दारं उघडतात, अशी माझी समजूत होती. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात सहायक शिक्षकांपुरती एक फट आहे, पण तिच्यातून आत गेलेलं माझ्या ओळखीचं कुणी नाही. बाकी ठिकाणी अर्जासोबत फोटो मागत, आणि फोटो पाठवला की उत्तर येत नसे. एका शाळेने तेवढं प्रामाणिकपणे कळवलं: तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण पालकांचा विचार करावा लागतो. थायलंडमधल्या जाहिराती तर सरळच होत्या. एकाच कामासाठी, एकाच चौकटीत, दोन ओळी. नेटिव्ह स्पीकर, ३८ हजार बाट. नॉन-नेटिव्ह, २० हजार.

त्यात माझी वेळही चुकली होती. थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्याला भरतात. भरती त्याआधी उरकते आणि मी जूनच्या शेवटी प्रमाणपत्र घेऊन उभी. कोर्सला जाण्याआधी हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

आते मला टोइक या इंग्रजीच्या परीक्षेच्या रांगेत भेटली. नॉन-नेटिव्ह शिक्षकांकडे शाळा या परीक्षेचे किमान ६०० गुण मागत, आणि निकाल दोनच वर्षं चालतो. तिची दोन वर्षं संपली होती. अमेरिकी शिक्षकांचं जहाज मनिलाला लागलं १९०१ साली. तेव्हापासून तिच्या देशातल्या शाळांत इंग्रजी आहे आणि राज्यघटनेत ती एक राजभाषा आहे. ही बाई थायलंडमध्ये नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होती आणि आपल्याला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला पाचव्यांदा आली होती. मी चिडून काहीतरी बोलले. ती म्हणाली, "चिडून परीक्षा दिलीस तर ऐकायचे गुण जातात."

बाहेर आल्यावर तिने नूडल्स मागवल्या आणि माझी उलटतपासणी घेतली. भर वर्षात जागा कधी निघते ठाऊक आहे? पहिला पगार झाला की. नवे आलेले त्या दिवशी पळतात. आमच्याकडचा एक कालच पळाला.

शाळा बँकॉकच्या दक्षिणेला, समुत प्राकानमध्ये. समुद्राचा प्राकार, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तिथे नोकरी देणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून आतेला हळूच थाईत काहीतरी विचारलं. त्यातला 'खेक' हा शब्द मला ऐकू आला. भारतीयांना तिथे खेक म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण पाहुण्याला नोकरी कोण देणार? आते म्हणाली, "माझा वर्ग हिला द्या. मी मागे बसते. बिघडलं तर उरलेलं वर्ष मी तिचेही तास घेईन." तिची माझी ओळख तेव्हा सहा दिवसांची होती.

मत्थयोम दोन, म्हणजे आपली आठवी. अठ्ठेचाळीस मुलं. माझा लेसन प्लॅन चार पानांचा, पडद्यावरच्या चित्रांचा. प्रोजेक्टर लागलाच नाही. दोन मिनिटं मी बटणं दाबत राहिले आणि मुलं कुजबुजायला लागली. मग मी पिशवी टेबलावर उपडी केली. छत्री, किल्ल्या, कंगवा, डबा, टिकल्यांचं पाकीट. त्यांवर ओढणी टाकली आणि हात आत घालून एक वस्तू धरली. "इज इट अ कोम?" "नो, इट इजंट!" सगळा वर्ग, मग रांग, मग एकटा. टिकल्यांच्या पाकिटाशी येईपर्यंत मुलं बाकांवर उभी राहिली होती. थायलंडमध्ये धडा 'सनुक', म्हणजे मजेचा, झाला तरच झाला. तो झाला. शिकवत होत्या आमच्या बाई. मी फक्त उभी होते.

पगार ठरला २२ हजार. व्हिसा काढायला रात्रीच्या गाडीने नाँग खायपर्यंत जायचं, पूल ओलांडून लाओसमध्ये व्हिएन्तिआनला थाई वकिलातीच्या रांगेत लागायचं. माझ्याकडे परतीपुरते पैसे उरले होते. आतेने बारा हजार बाट पाकिटात घालून दिले आणि वर स्वतःचा काळा स्कर्ट दिला, कारण शाळेत शिक्षिकांना पँट चालत नसे. ते बारा हजार तिच्या धाकट्या भावाच्या कॉलेजच्या फीसाठी गावाकडे जायचे होते, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्याच बॅचचा एक इंग्रज मुलगा पुढच्या सत्रात त्याच शाळेत आला. प्रमाणपत्र तेच, वर्ग तेच, पगार ३८ हजार. तो आकडा त्यानेच मला सांगितला, मान खाली घालून. त्याचा राग कसा करायचा? इंग्लंडच्या उत्तरेकडच्या त्याच्या उच्चारांतला एक शब्द मुलांना कळत नसे, आणि आम्ही तरी कुठे शुद्ध होतो! मुलं शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळायची, आतेचा 'प' आणि 'फ' एकमेकांत मिसळायचा, आणि माझे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' जुळे भाऊ. पण पूर्ण वर्तमानकाळ का लागतो हे मुलांना सांगायची वेळ आली की तो आमच्याकडे यायचा. थाई भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. काम झालं हे सांगायला शेवटी 'लेओ' लावतात. मी ते फळ्यावर लिहिलं, मनात 'जेवले आहे' जुळवलं आणि तिथून सुरुवात केली. जी भाषा आपण स्वतः ठेचकाळत शिकलो, तिच्यात ठेच कुठे लागते हे आपल्याला ठाऊक असतं.

पुढच्या जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' झाला. ख्रू म्हणजे गुरू. मुलं गुडघ्यांवर सरकत आली आणि त्यांनी फुलांची तबकं पुढे केली. बुद्धी सुईसारखी व्हावी म्हणून इक्झोरा, नम्रतेसाठी खाली झुकलेलं वांग्याचं फूल, चिकाटीसाठी दूर्वा, शिस्तीसाठी लाह्या. दूर्वा आणि लाह्या पाहून माझ्या घशात काहीतरी आलं. संध्याकाळी मी झेडपीच्या शाळेतल्या बाईंचा नंबर मिळवला. वाय ख्रू, तबक, ओढणी, लिंबू, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं. पर्मनंट झालीस का?"

नव्हते झाले. करार दहा महिन्यांचा, मार्च-एप्रिल बिनपगारी. शिक्षक परिषदेचा परवानाही तात्पुरता. तासिका तत्त्व सोडून मी इतक्या दूर आले ती दुसऱ्या तासिका तत्त्वावर, हे बाईंनी एका वाक्यात दाखवलं.

बारा हजार मी सात हप्त्यांत फेडले. शेवटचा हप्ता देताना आभाराचं काहीतरी बोलू लागले, तेव्हा आतेने मला थांबवलं. टागालोगमध्ये 'ऊतांग ना लोओब' म्हणतात. ऊतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आत. "हे बाहेरचं कर्ज होतं, ते संपलं," ती म्हणाली, आणि कपाटातून एक फुगलेली फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. पन्नास मुलांच्या वर्गात, विजेशिवाय, खडूवर चालणारे धडे. कव्हरवर तीन नावं होती. तिसरं तिचं. तिलाही ती तिच्या आधीच्या बाईने दिलेली. चौथं नाव मी लिहिलं.

तीन वर्षांनी मी परत आले. आता पुण्यात शिकवते. नुकताच असा कोर्स केलेली मुलं-मुली विचारायला येतात, नोकरी मिळेल का? मी खोटं सांगत नाही. प्रमाणपत्राने शिकवता येतं, पासपोर्ट बदलत नाही. २०२१ च्या जुलैत चीनने शालेय विषयांच्या धंदेवाईक शिकवण्यांवर बंदी आणली, तेव्हा काही महिन्यांत ऑनलाइन इंग्रजीचा केवढा तरी बाजार बसला. तशा लाटा येतात. तुमचा कोर्स भरतीच्या आधी संपेल असं पाहा. करार दहा महिन्यांचा की बाराचा, वर्क परमिट शाळा काढणार की एजन्सी, हे लिहून घ्या. परतीच्या तिकिटाचे पैसे मोडू नका. आणि तिथे पोचल्यावर तुमच्या आधी आलेल्या बाईला शोधा.

फाईल सध्या सांगलीच्या एका मुलीकडे आहे, चियांग माईला. कव्हरवर सहावं नाव तिचं.