प्रणालक आणि सुवर्णदुर्ग

दापोलीस येणारा प्रवासी बहुधा पश्चिमेकडे तोंड करूनच येतो. मुरूडची पुळण, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपति आणि हर्णैचें बंदर, एवढें पाहून झालें म्हणजे त्याची दापोली संपते. या स्थळांची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु याच तालुक्यांत, समुद्राकडे पाठ करून बसलेलें कोटजाई नदीचें एक खोरें आहे. त्या खोऱ्यांत पन्हाळेकाजी नांवाचें गांव आहे. आणि तेथें नदीच्या कांठीं, डोंगराच्या पायथ्याशीं एका ओळींत खोदलेलीं लेणीं आहेत, हें रत्नागिरी जिल्ह्यांत उभा जन्म काढलेल्या पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांसहि ठाऊक नसतें. सकाळीं हीं लेणीं आणि दुपारीं हर्णैचा सुवर्णदुर्ग, अशीं दोन स्थळें एका दिवसांत पाहण्याचा योग आम्हांस गेल्या माघांत आला. दोन्ही एकाच दिवशीं पाहिलीं म्हणूनच जें ध्यानांत आलें, तें मुलांबाळांच्या घरांत राहणाऱ्या वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रवासास आमच्या दोन घरांचीं मिळून तेरा माणसें होतीं. पैकीं सहा मुलें. दोन घरें म्हणण्याचें कारण असें कीं, आम्हां भावांच्या चुली वेगळ्या होऊन कांहीं वर्षें झालीं आहेत. वडिलोपार्जित वाडी मात्र अद्याप सामाईक आहे, आणि तिच्या वाटणीचा विषय प्रत्येक भेटींत निघतो. निदान त्या दिवशीं तो काढूं नये, असें आमच्या कुटुंबानें निघण्यापूर्वींच दोघां भावांस बजावून ठेविलें होतें. गाडी भाड्याची होती, आणि वाटाड्या म्हणून त्याच पंचक्रोशींतला एक तरुण ठरविला होता. दशम्या, खोबऱ्याची चटणी आणि दहीभाताचा डबा बरोबर घेऊन दिवस वर येण्यापूर्वीं आम्ही दापोली सोडली.

पन्हाळेकाजी हें नांवच मोठें बोलकें आहे. संस्कृतांत 'प्रणाल' म्हणजे पाणी वाहून नेणारा पाट. छपराचें पाणी वाहून नेणाऱ्या नळीस आपण आजहि पन्हळ म्हणतों, ती याच शब्दाची नात. प्राचीन 'प्रणालका'चें पन्हाळें झालें, आणि पुढें केव्हां तरी त्यास अरबी भाषेंतील 'काजी' हा शब्द येऊन मिळाला. दोन भाषा एका नांवांत शेजारीं शेजारीं नांदतात, आणि गांवकऱ्यांस त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. मोहोरलेल्या आंब्यांमधून वळणें घेत गाडी खोऱ्यांत उतरत असतां आम्हीं ही व्युत्पत्ति मुलांस सांगितली. शिक्षकाची जित्याची खोड, दुसरें काय!

वेरूळ किंवा अजिंठा पाहिलेल्या माणसाची पन्हाळेकाजीस प्रथमदर्शनीं थोडी निराशा होते, हें सांगितलेलें बरें. येथें कैलासासारखा प्रचंड प्रकार नाहीं कीं भिंतीभर चित्रें नाहींत. दालनें लहान आहेत आणि पुष्कळ मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत. एकंदर लेणीं २९. त्यांपैकीं २८ एका ओळींत असून गौर लेणें म्हणून ओळखलें जाणारें एकोणतिसावें कांहीं अंतरावर आहे. आमचा मोठा नातू गाडींतून उतरतांच म्हणाला, "हीं पांडवांनी एका रात्रींत खोदलीं ना?" आपल्याकडे कोठलेंहि लेणें पाहिलें कीं हाच प्रश्न येतो. वाटाड्या हंसून म्हणाला, "एका रात्रीचं नव्हे, बाळा. हजार वर्षांचं काम आहे हें."

तें अक्षरशः खरें आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बौद्ध पंथाच्या भिक्षूंनीं येथें पहिल्या खोल्या खोदविल्या. भिक्षूनें वर्षभर फिरतें असावें आणि पावसाळ्यांत एके ठिकाणीं रहावें, असा त्यांचा नियम. कोंकणचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यास या नियमाचें मर्म निराळें सांगावयास नको. पुढें दहाव्या-अकराव्या शतकांत त्याच धर्मांतील वज्रयान पंथाचे साधक येथें आले. शिलाहारांच्या काळीं शिवाची आणि गणपतीची उपासना आली. त्यानंतर चौदाव्या शतकाच्या सुमारास नाथपंथी योगी आले. चौदाव्या लेण्यांत आणि गौर लेण्यांत मत्स्येंद्र, गोरक्ष व चौऱ्यायशीं सिद्ध यांच्या परंपरेच्या मूर्ति कोरलेल्या आहेत. एकोणिसाव्या लेण्यांत शिवलिंग असून त्याच्या छतावर रामकथेंतले आणि कृष्णचरित्रांतले प्रसंग आहेत. मुलें माना उंचावून बराच वेळ ते ओळखीत बसलीं.

हें सर्व उजेडांत आलें तें अगदीं अलीकडे. १९७० च्या सुमारास दाभोळचे इतिहाससंशोधक अण्णा शिरगांवकर यांच्या खटपटीनें शिलाहार राजपुत्र विक्रमादित्य याचा इ. स. ११३९ चा ताम्रपट हातीं आला, आणि प्रणालक ही दक्षिण कोंकणची राजधानी येथेंच होती, हें कळून आलें. त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म. न. देशपांडे यांनीं गाळमातींत बुजलेलीं हीं लेणीं मोकळीं करवून त्यांचा कसून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. एका गांवच्या हौशी संशोधकानें हाक द्यावी आणि खात्याच्या मुख्यानें ती ऐकावी, असे योग आपल्या देशांत फार थोडे.

दहाव्या लेण्यापाशीं वाटाड्या थांबला. येथें महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची प्रतिमा आहे. त्यास अचल असेंहि म्हणतात. हातीं खड्ग आणि पाश, मुद्रा उग्र. धाकटी नात त्या प्रतिमेकडे पाहत राहिली आणि मग तिनें विचारलें, "आजोबा, मागून आलेल्यांनीं आधींच्यांना हांकलून दिलं का?"

मोठ्या माणसांनीं उत्तर टाळावें असाच हा प्रश्न होता. आमच्या बंधूंनीं तिचें लक्ष नदीकडे वळविण्याचा प्रयत्नहि केला. परंतु दगड समोर असतां लपवावयाचें काय? आम्हीं तिला दोन्ही गोष्टी दाखविल्या. कांहीं दालनांत जुनी मांडणी बदलून नव्या देवांसाठीं जागा केलेली आहे. जेथें एके काळीं बुद्धाचें स्मरण चाले, तेथें दुसऱ्या देवाची पूजा होऊं लागली. परंतु नव्यांनीं जुन्याचें सारें पुसून टाकलेलें नाहीं. ज्या डोंगरांत गणपति कोरला, त्याच डोंगरांत महाचंडरोषण राहूं दिला. स्तूप राहूं दिले. छिनी हातांत होती, कोरणारे कसबी होते, वेळहि हवा तेवढा होता. मनांत आणतें तर चार दिवसांत सर्व भिंती कोऱ्या झाल्या असत्या. तसें झालें नाहीं, म्हणूनच आज आपणांस एका ओळींत हजार वर्षें वाचतां येतात. नातीनें हें ऐकून घेतलें आणि पुढच्या लेण्यांत गेल्यावर "हें कोणाचं? आधींच्यांचं कीं मागून आलेल्यांचं?" असें ती प्रत्येक मूर्तीपाशीं विचारूं लागली. लेणीं पाहण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

लेण्यांजवळच्याच डोंगरावर पूर्वीं प्रणालकदुर्ग होता. किल्ला, लेणीं आणि नदी हीं तिन्ही एकत्र कां, हें समजण्यास नकाशा पुरे. कोटजाईचें पाणी पुढें दाभोळच्या खाडीस मिळतें, आणि दाभोळ हें प्राचीन काळापासून नांवाजलेलें बंदर. बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर खोऱ्याखोऱ्यांतून घाटावर जाई. व्यापाऱ्यास वाटेंत संरक्षण हवें, म्हणून दुर्ग. रात्रीं विसावा आणि मनास आधार हवा, म्हणून विहार. व्यापाऱ्याच्या दानावर भिक्षु जगे, आणि त्याच्या जकातीवर राजा. आपल्या सह्याद्रींतलीं बहुतेक लेणीं अशींच वाटेच्या कडेला आहेत.

नदीकांठीं सावलींत दशम्या खाऊन आम्ही निघालों आणि दुपारीं हर्णैस पोंचलों. बंदरावर मासळीचा व्यवहार मोठा. त्या वासानें आमच्या भावजयीनें पदर नाकास लावला तो होडी पाण्यांत जाईपर्यंत काढला नाहीं; मुलें मात्र पाटींतले मासे मोजण्यांत दंग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन छोटे किल्ले, आणि समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग. होडी जवळ जाईपर्यंत त्याचा दरवाजा तटांत असा लपलेला असतो कीं, आंत जाण्यास वाटच नाहीं असें वाटावें. दरवाज्याच्या पायरीवर कांसव कोरलेलें आहे आणि भिंतीवर मारुति. आंत पडकीं जोतीं, पाण्याचीं टाकीं आणि गवत. सांगण्यास आनंद वाटतो कीं, जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारशांत घेतले, त्यांत सुवर्णदुर्गाचा समावेश आहे.

आमचे बंधु पेशवाईचे मोठे अभ्यासक आणि त्याहून मोठे अभिमानी. शिवछत्रपतींनीं घेतलेला हा दुर्ग, कान्होजी आंग्र्यांचा दरारा, इंग्रज आणि पोर्तुगीज यांची उडालेली दाणादाण, हें सर्व त्यांनीं तटावर उभें राहून रंगवून सांगितलें. पुढें वाटाड्यानें १७५५ चें साल उच्चारतांच ते हळूच म्हणाले, "तें राहूं द्या. मुलांना कशाला?"

तें १७५५ चें प्रकरण असें. कान्होजींचा पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नसे, आणि पेशव्यांच्या मुलखासहि त्याचा उपद्रव होई. तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं मुंबईच्या इंग्रजांशीं करार केला. एप्रिल १७५५ मध्यें इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स यानें समुद्रांतून सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. जमिनीवर पेशव्यांची फौज होती. दुर्ग पडला आणि पेशव्यांच्या ताब्यांत आला. पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, इंग्रजांनीं विजयदुर्ग घेतला. तेथें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजीचें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. जेम्स मात्र स्वदेशीं श्रीमंत होऊन मेला, आणि त्याच्या पत्नीनें १७८४ मध्यें लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधिला. तो अद्याप उभा आहे, आणि त्याचें नांव आहे 'सेव्हर्नड्रूग', म्हणजे आमचाच सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर झिजलेला. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस पाण्यांत अडवूं शकणारें जें बळ होतें, तें आपल्याच दोन घरांच्या वैरांत बुडालें. त्यानंतर ६२ वर्षांनीं, १८१८ मध्यें, पेशवाईहि गेली.

मुलांस हें सांगावें कीं न सांगावें, यावर आम्हां भावांचा तटावरच थोडा वाद झाला. त्यांचें म्हणणें असें कीं, दुर्ग पाहून मुलांची छाती फुगावी. घरचीं लक्तरें त्यांनीं मोठेपणीं वाचावीं. आमचें म्हणणें असें कीं, सकाळीं लेण्यांत नात जो प्रश्न विचारूं शकली, तो दुपारीं किल्ल्यावर विचारावयाचा नाहीं, असें तिला आपण शिकवीत आहों. बौद्धांच्या जागीं कोण आलें हें सांगावयाचें, आणि आंग्र्यांच्या जागीं कोण आलें हें गिळावयाचें, हा न्याय नव्हे. पेशव्यांविषयीं आदर आम्हांसहि आहे. परंतु ज्या आदरास सत्य सोसत नाहीं, तो फार दिवस टिकत नाहीं.

बंधु कांहीं वेळ समुद्राकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनींच मुलांस जवळ बोलाविलें आणि सर्व हकीकत सांगितली. कांहीं न वगळतां, आणि वाटाड्याहून चांगली. नातवानें विचारलें, "म्हणजे आपल्याच माणसाला हरवायला इंग्रजांना बोलावलं?" ते म्हणाले, "होय. आणि इंग्रज परत गेले नाहींत."

दोन स्थळें एका दिवसांत पाहिल्याचा लाभ तो हाच. कोटजाईच्या कांठीं एकाच डोंगरांत परक्या पंथांच्या मंडळींनीं एकमेकांचें कांहीं ना कांहीं राहूं दिलें. हर्णैच्या पाण्यांत एकाच भाषेच्या, एकाच छत्रपतींस मुजरा करणाऱ्या माणसांनीं एकमेकांचें कांहीं शिल्लक ठेविलें नाहीं. परतीच्या होडींत बंधु आमच्या शेजारीं बसले होते. बऱ्याच वेळानें म्हणाले, "दादा, वाडीची मोजणी आपण दोघांनीच करूं. वकील नको." घरांतील आज्ञा त्यांनींच मोडली, परंतु सौभाग्यवतीनें ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं तो हिंवाळ्यांत करावा. पावसाळ्यांत होड्या बंद असतात. आधीं लेणीं पहावीं, मग दुर्ग. वाटाड्या स्थानिकच घ्यावा आणि त्याची बिदागी देतांना हात आंखडूं नये. पाणी बरोबर न्यावें, आणि मुलांस अवश्य न्यावें. तीं जें विचारतील त्याचें उत्तर मात्र घरून वाचून जावें.