दे रॉसीचं कोपर

प्रिय बाब्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. दादा म्हणतो, त्याला जरा एकटं सोड. सोडलं असतं, पण गप्प बसणं तुझ्या आत्याच्या रक्तात नाही. कॉलेजच्या मॅचमध्ये हेडरला उडी मारताना तुझं कोपर समोरच्या पोराच्या तोंडावर बसलं, त्याचा ओठ फुटला, तुला रेड कार्ड मिळालं. आता तू बूट माळ्यावर टाकलेस आणि ‘मी खेळायच्या लायकीचाच नाही’ म्हणत हॉस्टेलवर पडून असतोस, असं वहिनी सांगते. कोपर चुकून लागलं की मारलंस, हे मी विचारणार नाही. तुला ठाऊक आहे तेवढं पुरे.

तुझ्या तोंडी कायम पिर्लो. असू दे, पिर्लो थोरच. पण पिर्लोचं डोकं फिरलेलं कधी पाहिलंयस? त्याच्याकडून तुला आत्ता काय मिळणार? त्याच इटलीच्या मिडफिल्डमध्ये दानिएले दे रॉसी खेळायचा. दाढीवाला, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा. पोटरीवर त्यानं एक टॅटू काढून घेतलाय: रस्त्यावर धोक्याची त्रिकोणी पाटी असते ना, तशी, आणि आत टॅकल करणारा खेळाडू. स्वतःबद्दल काही गैरसमज नव्हता बिचाऱ्याचा.

हा १९८३ सालचा, रोमजवळच्या समुद्रकाठच्या ऑस्तियातला. वडील आल्बेर्तो रोमा क्लबचाच तरुणांचा संघ वर्षानुवर्षं शिकवत होते. जून २००१ मध्ये रोमानं लीग जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये हा पहिल्यांदा सीनियर संघातून मैदानात उतरला. म्हणजे पंगत उठली आणि हा पानावर येऊन बसला. पुढे अठरा सीझन, ६१६ मॅचेस, आणि लीगचं विजेतेपद एकदाही नाही. दुसरा नंबर मात्र इतक्या वेळा, की मोजायचा कंटाळा यावा. मोठ्या क्लबांनी बोलावलं तरी गेला नाही. पाटाकडील-दिलबहारची मॅच कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर बघत वाढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे तरी तालीम बदललेल्या पोराकडे लोक कसे बघतात, तुला माहीत आहे.

मला सांगायचंय ते २००६ सालचं. मार्च महिना, रोमाची मेसिनाशी मॅच. गोलपुढे क्रॉस आला, दे रॉसी झेपावला, बॉल जाळ्यात. रेफरीनं गोल दिला. त्या वेळी व्हीएआर नव्हता, पडद्यावर बघून निकाल फिरवायची सोय नव्हती. गोल पचला असता. पण हा रेफरीकडे गेला आणि सांगितलं, बॉल माझ्या हाताला लागलाय. गोल रद्द. इटलीत तेव्हा मॅच-फिक्सिंगचं ते मोठं प्रकरण उघडकीला यायच्या बेतात होतं, दोन महिन्यांत सगळं बाहेर आलं, आणि अशा हवेत हा बावीस वर्षांचा पोरगा आपणहून आपलाच गोल परत करून आला. सगळीकडे वाहवा झाली.

पुढे तीन महिने होतात न होतात, तोच वर्ल्ड कप. १७ जून, कैसरस्लाउटर्न, समोर अमेरिका. हवेत बॉलसाठी उडी, आणि याचं कोपर ब्रायन मॅकब्राइडच्या गालावर. फोटो शोधलास तर सापडेल. डोळ्याखालून रक्ताचा ओघळ जर्सीपर्यंत. टाके पडले. रेड कार्ड. चुकून लागलं म्हणायला जागाच नव्हती, टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. मार्चमधला तो सज्जन पोरगा आणि जूनमधला हा गुंड एकच, हे कुणाला पचेना. मलाही नाही पचलं. मी तेव्हा टीव्हीसमोर त्याला घातलेल्या शिव्या तुझ्या आजीनं ऐकल्यात.

फिफानं चार मॅचेसची बंदी घातली. हिशेब कर: झेक, ऑस्ट्रेलिया, युक्रेन, जर्मनी. चारही मॅचेस बाहेर बसून बघायच्या. मधे कुठे संघ हरला असता, तर वर्ल्ड कपमधली त्याची शेवटची आठवण मॅकब्राइडचा गाल हीच राहिली असती. संघ हरला नाही. ९ जुलैला बर्लिनला फायनल, आणि ६१व्या मिनिटाला कोच लिप्पीनं टोट्टीला काढून याला आत पाठवलं. पेनल्टी शूटआउटमध्ये तिसरा शॉट याचा. लिप्पीनं काय बघून त्याला यादीत घेतलं असेल, मला नेहमी प्रश्न पडतो. तीन आठवडे पाय मॅचमध्ये न पडलेला पोरगा. त्यानं गोल मारला. त्याच रात्री फ्रान्सच्या झिदाननं डोक्यानं मातेराझ्झीची छाती गाठली, रेड कार्ड घेऊन कपाच्या शेजारून खाली निघून गेला, आणि ती त्याची शेवटची मॅच ठरली. त्यापुढे दे रॉसीचं कोपर लोक विसरले.

मॅकब्राइड मात्र विसरला नसणार. पण मॅचनंतर दे रॉसी त्याच्याकडे माफी मागायला गेला होता, आणि मॅकब्राइडनंच पुढे त्याबद्दल त्याचं कौतुक केलं. तुझं काय? त्या पोराला भेटलास? त्याचा नंबर तुमच्या सरांकडे असेलच. सगळा गाव सांत्वन करायला तुझ्याकडे येतोय, ओठ त्याचा फुटलाय.

आता तुला वाटेल, आत्या म्हणणार की मग दे रॉसी सुधारला. छे. २०१२ मध्ये लाझिओविरुद्धच्या डर्बीत त्यानं माउरीला ठोसा मारला, बाहेर गेला, रोमा हरली. आणि २०१७ चा नोव्हेंबर तर ऐकच. १३ तारखेला मिलानमध्ये इटली-स्वीडन. जिंकलं नाही तर वर्ल्ड कप गेला, १९५८ नंतर पहिल्यांदाच. स्कोअर शून्य-शून्य. बेंचवरून याला वॉर्म-अपला उठायला सांगितलं, तर हा भडकला: आपल्याला जिंकायचंय, बरोबरी नकोय, मला कशाला उठवता? आणि शेजारच्या इन्सिन्येकडे बोट केलं. स्वतःची शेवटची मोठी मॅच समोर असताना, माझ्याऐवजी फॉरवर्डला घाला म्हणून भांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इन्सिन्येला कुणी घातलं नाही, वर्ल्ड कप गेला. त्यानंतर हा स्वीडनच्या बसमध्ये चढला, त्यांचं अभिनंदन केलं, आणि त्यांच्या राष्ट्रगीताच्या वेळी आपल्या लोकांनी हुर्यो केली त्याबद्दल माफी मागितली.

आणि पंधरवडाही उलटला नव्हता, जेनोआविरुद्ध रोमा एका गोलनं पुढे असताना यानं स्वतःच्याच पेनल्टी बॉक्समध्ये लापादुलाला थोबाडीत दिली. चौतिसाव्या वर्षी! रोमाचा कप्तान! रेड कार्ड, पेनल्टी, बरोबरी. कप्तानपद मिळायला त्याला टोट्टी रिटायर होईपर्यंत थांबावं लागलं होतं, आणि मिळाल्यावर हे.

याला काय म्हणायचं? मी खूप दिवस त्याचे दोन ढीग करत होते, चांगला दे रॉसी इकडे आणि वाईट तिकडे. ते जमत नाही. रेफरीकडे चालत जाणारे पाय आणि ती थप्पड, दोन्हींना विचार करायला वेळ लागत नाही. इटलीच्या संघाचं किट सांभाळणारा एक माणूस वारला, तेव्हा यानं आपलं वर्ल्ड कपचं मेडल त्याच्या शवपेटीत ठेवून दिलं. थांबून विचार केला असता, तर कुणी ठेवलं असतं?

एप्रिल २०१८ ची बार्सिलोना मॅच तर तू पाहिलीयस. त्याच्या आधीच्या लेगमध्ये १-४ नं हरताना दोन गोल रोमानं स्वतःवरच घातले होते: एक दे रॉसीनं, एक मानोलासनं. रोमला परतीच्या मॅचमध्ये सहाव्याच मिनिटाला याचा लांब पास, झेकोचा गोल. मग पेनल्टी, यानंच मारली. मग मानोलासचा हेडर. ३-०, बार्सिलोना घरी. शुक्रवारी रात्री पुन्हा लाव ती मॅच, आणि पहिल्या गोलआधी त्याचं डोकं कुठे वळलंय ते बघ. तुझ्याकडे तो पास आहे, तू देत नाहीस.

क्लबनं त्याचं काय केलं? २०१९ मध्ये करार वाढवला नाही, लोक रस्त्यावर उतरले तरी नाही. २०२४ च्या जानेवारीत कोच म्हणून बोलावलं, पुढचा करार दिला, आणि सप्टेंबरात लीगच्या चार मॅचनंतर काढून टाकलं.

तुझी बंदी किती मॅचेसची, ते वहिनीला सांगता आलं नाही. कळव. तोवर सरावाला जा, बंदी मॅचची असते, सरावाची नव्हे.

तुझी,
आत्या

ता. क. एक सांगायचं राहिलं. रोमातून निघाल्यावर दे रॉसी अर्जेंटिनात बोका ज्युनिअर्सकडून खेळला, कारण बोकाच्या मैदानात एकदा खेळायचं त्याचं स्वप्न होतं. काही महिन्यांत, जानेवारी २०२० मध्ये रिटायर झाला. त्याच महिन्यात रोमा-लाझिओ डर्बी होती. हा पठ्ठ्या विग लावून, मेकअप चढवून, ओळखू येणार नाही असा होऊन गोलमागच्या स्टँडमध्ये रोमाच्या पब्लिकमध्ये जाऊन बसला, आणि कुणाला पत्ता लागला नाही. मॅच १-१ सुटली.