मुनिरक्यातला मालवणचा सूर्य

दिल्लीचा डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच वाजले, की मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅट्समध्ये अंधार उतरतो. तळमजल्यावरच्या त्या घरात तर दुपारपासूनच दिवा लावावा लागतो. सूनबाई कणीक मळत असते, नात अभ्यासाला बसलेली असते आणि आबा बैठकीतल्या काचेच्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसलेले असतात. पेटीत अजून ऊन असतं. सहा वाजून गेल्यावरच ते उतरू लागतं. कारण ते दिल्लीचं ऊन नाही, मालवणचं आहे.

आबा इथे आले ते पत्नीच्या निधनानंतर. मुलगा एकुलता एक, नोकरी दिल्लीत. ‘तिकडे एकटे कसे राहाल?’ म्हणून तो त्यांना घेऊन आला. आबा काही म्हणाले नाहीत. पण इथे आल्यापासून त्यांचं बोलणंच आटलं. ताट पुढे ठेवलं तर जेवायचे, नाहीतर भिंतीकडे बघत बसायचे. पहिल्या हिवाळ्यात धुक्यामुळे चार दिवस ऊन पडलं नाही, तेव्हा त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, “हयसर सूर्य उगवता तरी काय गो?”

मुलाने ते ऐकलं आणि खाऱ्या पाण्याची माशांची पेटी आणली. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ, चिनी मातीचे सच्छिद्र दगड, थोडं समुद्री शेवाळ आणि हॅचरीत वाढलेले दोन जोकर मासे. वर साधी ट्यूबलाइट. सकाळी सातला लावायची, रात्री झोपताना मालवायची. पंधरा दिवसांत काच हिरवीगार झाली आणि एक मासा दगावला. “एवढा पैसा पाण्यात घातलात!” सूनबाई चिडली. नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता.

मग मुलगा हट्टाने अभ्यासाला लागला. उजेड म्हणजे नुसता लख्ख प्रकाश नव्हे, हे त्याला तेव्हा कळलं. समुद्राचं पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. निळा मात्र खोलवर पोचतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाचं बहुतेक पोषण त्यातूनच होतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. म्हणून घरात प्रवाळभिंत उभारू पाहणारे हौशी लोक जगभर सूर्याची नक्कल करत आले. आधी ट्यूबलाइट, मग मेटल हॅलाइडचे तापणारे दिवे. दिल्लीच्या मे महिन्यात त्या दिव्यांखाली पाण्याचा काढाच व्हायचा! एलईडी आले आणि काम सोपं झालं. पांढरे आणि निळे दिवे वेगवेगळे, हवे तेवढे मंद करता येणारे आणि टायमरवर चालणारे.

टायमर लावताना मुलगा म्हणाला, “सकाळी आठ ते रात्री आठ ठेवू या.” आबांनी खुर्चीतूनच मान हलवली. मग बऱ्याच महिन्यांनी ते सलग बोलले. दिल्लीत उन्हाळ्याचा मोठा दिवस जवळजवळ चौदा तासांचा, हिवाळ्यातला लहान दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा. मालवणात मात्र तेरा आणि अकरा. डिसेंबरात तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर बुडतो. तेच वेळापत्रक ठरलं. पहाटे आधी निळसर उजेड, मग तासाभरात हळूहळू पांढरा, दुपारी भरपूर, संध्याकाळी पुन्हा निळा. काच स्वच्छ राहू लागली. शेवाळाला नवे कोंब फुटले.

पुढे एका दुकानदाराने मुलाला खऱ्या प्रवाळाचा तुकडा देऊ केला. “कोणाला कळतंय?” म्हणाला. मुलाला मोह झाला. त्याने घरी गोष्ट काढताच आबा ताडकन म्हणाले, “ह्यां नको रे. जितां आसा तां. तेका दर्यातच रवांदे.” मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला, तो काळ त्यांनी पाहिलेला. दगडी प्रवाळाला तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. वाघही त्याच यादीत! मुलगा पुन्हा त्या दुकानाकडे फिरकला नाही.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. मुलाने इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप जोडला. दोन-चार तास उजेड नसला तरी चालतो, पण पाण्यातली हवा थांबून चालत नाही. पेटी काळीभोर झाली. मेणबत्तीच्या उजेडात सूनबाईने विचारलं, “आबा, या पेटीने बरं वाटतं ना तुम्हाला?”

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “शेवाळाक बरां वाटता गो.”

सूनबाई रात्रभर तळमळत राहिली. आपण माशांच्या पाण्याचा खारटपणा रोज मोजतो, पण या माणसाला काय हवं ते एकदाही विचारलं नाही! सकाळी तिनेच नवऱ्यापाशी विषय काढला. शेजारी चुलत दीर राहतात, डबा सांगता येईल, औषधांची यादी लावून देता येईल. दिल्लीचा हिवाळा इथे, उरलेलं वर्ष तिथे. नवरा आधी ‘लोक काय म्हणतील’ म्हणाला. मग तयार झाला.

आता थंडी सरली, की मार्चमध्ये आबा मालवणला जातात. निघताना नातीला बजावतात, की उडून गेलेल्या पाण्याची भर गोड्याच पाण्याने घालायची, मीठ उडत नाही. संध्याकाळी पेटीतला निळा उजेड मालवला, की नात फोन लावते.

“आबा, आमचा सूर्य बुडाला.”

पलीकडून लाटांचा आवाज येतो आणि आबा म्हणतात, “हयचो पण आताच बुडालो गो.”